मोजणीचा रविवार

महिन्यातला एक रविवार आमचा असतो,
भरतीचं कोष्टक बघून ठरवलेला; चर्चची घंटा बघून नाही.
जानेवारीत इथे आठ वाजले तरी धड उजाडत नाही,
पण वॉटी सातलाच फाटकाशी उभा,
काखेत थर्मास, गळ्यात दुर्बीण,
जिची डावी काच अठ्ठ्याहत्तर साली
बोटीच्या काठावर आपटून तडकली, ती तशीच.

'वारा?'
'ईशान्येचा.'
'मग तरंग पुलाखाली असतील.'

असतात.
शिट्ट्या घालत, पाणगवत खुडत,
बदकांच्या मानाने फारच आनंदात.
एकशे बारा. मी लिहिते.

ओहोटी खाडी सोलत नेते
आणि खालचा चिखल जस्ताच्या पत्र्यासारखा उघडा पडतो.
त्यावर टिलवे. लाल पायांनी घाईघाईत चाललेले,
जणू दुकान बंद व्हायची वेळ झालीय.
दोनशे चाळीसपर्यंत येते मी,
तेवढ्यात सगळ्यांना एकदम काहीतरी आठवतं
आणि ते उडतात.
पुन्हा एकपासून.

याच चिखलात चाळीस हिवाळे वॉटी पालथा पडून होता,
बंदुकीच्या नळीवर दव जमेपर्यंत.
थोडे कादंब पोटासाठी मारले, बरेच हौसेसाठी –
हा हिशोब त्याचाच.
मग एका वर्षी बंदूक विकली.
का ते सांगितलं नाही कुणाला.
मोजणीवाल्यांना पत्र टाकलं एका ओळीचं:
मला अंतराचा अंदाज आहे.

तळी वर आहेत, बटाट्याच्या शेतांपलीकडे.
पहिलं गोठलेलं; त्यावर एक कावळा आणि कुणाचातरी फुटबॉल.
दुसऱ्याच्या काठावर तीन हिवाळ्यांपूर्वी
पांढऱ्या कपड्यांतली माणसं पिशव्या भरत होती.
त्या महिन्यात आम्ही मेलेलेही मोजले.
फॉर्मवर रकाना नव्हता. समासात लिहिले.

वॉटी दुर्बीण लावतो.
'सोनडोळे. सतरा.'

मी बघते. अकरा.
बुड्या मारणाऱ्यांचं असंच असतं, निम्मे पाण्याखाली.
थांबते. वर येऊ देते सगळ्यांना.
अकरा.
मग त्याच्याकडे बघते.
त्याची दुर्बीण तळ्यावर नाही,
तळ्याच्या जराशी डावीकडे, मेंढ्यांच्या कुरणावर.
ॲबर्डीनच्या नेत्रविभागाचं पाकीट
नाताळच्या आधीपासून त्याच्या घड्याळामागे आहे, न फोडलेलं.

'लिहिलंस?'
पेन्सिलीचा आवाज ऐकतो तो, मला ठाऊक आहे.
१७ लिहायला लागतो तेवढा वेळ घेऊन
मी ११ लिहिते.

चार वाजता धुकं समुद्राकडून चढलं,
आधी कुंपण गेलं, मग तळं.
कादंब यायची वेळ, आणि मला स्वतःचे बूट दिसेनात.
मी म्हटलं, 'आजचं राहू दे.'
'गप्प बस, एफी.'

त्याने टोपी काढली.
असल्या थंडीत, कान उघडे करायला.
मग वरून आलाच तो कल्लोळ,
एका खोलीत तीन लग्नं लागावीत तसा.
वॉटी मान किंचित तिरकी करून
आवाजांच्या माळा सोडवत राहिला:
'साठ. त्यांच्यामागे दीडशेची लांबडी.
हे वळताहेत, हे आधीचेच, धरू नकोस.
ही नवी. चारशे, जास्तच.'
आणि मग, जरा हसून,
'त्यांत एक बार्नॅकल आहे चुकलेला.
ऐक, छोट्या कुत्र्यासारखा भुंकतोय.'

मी ऐकलं. मला नुसते कादंब ऐकू आले,
आणि खाली कुठेतरी पाणी फाटल्याचा आवाज,
शेकडो पाय टेकल्याचा.

खिशातून पेन काढलं. गोठलं होतं,
तोंडाच्या वाफेवर धरलं.
बार्नॅकल: १.
शाईने.

परतताना हीटर लागेना.
वॉटी बराच वेळ काचेबाहेर, म्हणजे अंधारात, बघत बसला.
पुलाजवळ म्हणाला,
'सतरा जरा जास्तच झाले का गं?'

पुढे चढ होता.
मी गिअर बदलला.