अर्धा आटा

नोझल चांगली असेल तर बोलते.
हातदांडा दाबला की कर्र करते, बारीक,
आणि चार भोकांतून धुकं सोडते.
खराब असेल तर नुसती मुतते.
हा शब्द बाबांचा. टेस्टरवर मी बसायला लागल्यापासून
गिऱ्हाइकांसमोर ‘गळते’ म्हणतात.

सावद्याच्या नाक्यावर आमचं दुकान,
‘रुबाब डिझेल सर्व्हिस’. रुबाब तडवी म्हणजे बाबा;
दुसरा कुठला रुबाब तिथं नाही.
ट्रक येतात, ट्रॅक्टर येतात,
विहिरीवरची जुनी इंजिनं बैलगाडीत आडवी होऊन येतात,
पेशंटसारखी.
माझ्या बोटांना वास असतो, साबणाला न जुमानणारा.
भाभी काही बोलत नाही,
फक्त पीठ मळायला देत नाही मला.

मग त्या हिवाळ्यात टँकर यायचे थांबले.
का, ते प्रत्येकाला वेगळं ठाऊक होतं.
पहिले दोन दिवस आम्ही हसलो.
तिसऱ्या दिवशी पंपाला दोरी बांधली.
पाचव्या दिवशी कळलं की फैजपूर दोन कोस आहे.
आधी ते दहा मिनिटं होतं.

प्रल्हाद वाघुळदेंच्या मळ्यात घड झाडावरच पिकले.
दिल्लीला जायचे होते,
बांधापर्यंतही गेले नाहीत.
गावभर पिवळा वास, आधी गोड, मग आंबट,
मग कुणी खिडकी उघडेना.
आम्ही खाल्ली, गुरांनी खाल्ली,
रात्री वटवाघळं यायची थव्यांनी.
आडनावाला जागली, काका, असं कुणीतरी म्हणालं.
ते हसले नाहीत.
स्टेशनातून केळीच्या वॅगनी जायच्या ना रे,
त्या कोणी बंद केल्या, विचारत राहिले.
कोणी म्हणजे कोणीच नाही.
ट्रक दारात यायला लागला, एवढंच.

दुकानात काम नव्हतं.
मी बसल्या बसल्या मोजत होते तेलाच्या वस्तू:
ठिबकची नळी, खताची गोणी, माझी चप्पल,
बाबांच्या चष्म्याची काडी...
पुढं मोजलं नाही, भीती वाटली.
टेस्टरच्या बाटलीत पावशेर डिझेल उरलेलं.
बाबांनी ते उजेडात धरलं, मधासारखं.
“पोरी, हे तेल नही, वेय हाये.
लाखो वर्सांचा दबेल वेय.
अन् आपून तो फैजपूरले जायासाठी जायतो.”

आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो.
त्यामुळे ‘जाय’ म्हणजे जा,
आणि ‘जाय’ म्हणजे जाळ.
इतकी वर्षं एकच शब्द बोलत होतो आम्ही,
आणि दोन्ही अर्थांनी.

सिलिंडरही संपला. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली,
भरीत असं झालं की शेजारी वाटी घेऊन आले.
त्याच धुरानं आईचा दमा उठला,
रात्रभर पाठ चोळत बसले मी.
तेव्हा चुलीचं कौतुक मला कुणी सांगू नये.
पण नवव्या दिवशी
भाभीनं न बोलता परात माझ्याकडे सरकवली.
मी बोटं हुंगली. नुसती बोटं होती.

बाराव्या दिवशी टँकर आला, हॉर्न वाजवत,
लग्नातल्यासारखी पोरं मागे धावली.
दुपारपर्यंत आमच्या दारात रांग.
पिकअप वाढवून द्या, मिस्तरी.
अकरा दिवस भरून काढायचेत, मिस्तरी.
रांगेत शेवटी वाघुळदेंची गाडी, तिच्यात आडवं इंजिन.
“गव्हर्नर अर्धा आटा मागं घ्या, रुबाबभाऊ.
उशिरा भरलं पाणी तर भरू द्या.”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पान्ह्याकडे.
अर्धा फेरा.
इंजिनाचा आवाज खाली आला,
धावणाऱ्यानं चालायला लागावं तसा.
मजुरी माफ केली असं काही नाही.
वाघुळदे म्हणाले, अर्ध्या आट्याची अर्धीच;
त्यावर दोघं बराच वेळ भांडले, चहा घेऊन.

मी तोवर तेवीस नोझल तपासल्या.
तेवीसही बोलल्या.
संध्याकाळी परात परत भाभीकडे.