तिसऱ्या खेपेला

वरळीच्या घुमटाखाली एकोणीस वर्षं
मी दुपारच्या मराठी खेळाला आवाज दिला.
महापालिकेच्या शाळा यायच्या.
अंधार झाला की शिट्टी मारणारं एक पोर हमखास,
आणि गार हवेत डुलकी घेणारे मास्तर.

मंगळ संपला की पट्टा.
कागदावर लिहिलेलं असे :
सिरीस, धान्याची देवी. व्हेस्टा, चुलीची.
जुनो, देवांच्या राजाची राणी.
(राजा म्हणजे आपला गुरू, तो पलीकडे
चंद्रांचा गोतावळा घेऊन बसलेला,
आणि राणी उंबऱ्याबाहेर, खडीत.)
कंसातलं मी मनात म्हणायचे.

धान्यदेवीची लेक पाताळात पळवली होती म्हणे.
तीही याच पट्ट्यात फिरते : प्रोसर्पिना, सव्विसावी.
एका रिकाम्या दुपारी
कागदाच्या कोऱ्या पाठीवर कच्चा हिशोब मांडला.
आईची फेरी साडेचार वर्षांहून थोडी जास्त,
लेकीची थोडी कमी.
म्हणजे सत्तरेक वर्षांनी एकदा
दोघी सूर्याच्या एकाच अंगाला, एका रेषेत.
तेव्हाही मध्ये दीड कोटी किलोमीटर.
माझी आई त्या वर्षी मालाडला होती, भावाकडे.
या रविवारी, त्या रविवारी म्हणता म्हणता
गेली.

यंत्र हिराजी तांडेल चालवायचा, खालच्या कोळीवाड्यातला.
एकदा म्हणाला, बाई, दगड दिसला की लगेच नाव देतात?
म्हटलं, छे. आधी नुसतं साल आणि दोन अक्षरं.
मग तो हरवतो.
पुन्हा दिसला, पुन्हा त्याच वाटेवर दिसला,
तर क्रमांक मिळतो.
मग कोणी तरी पोथी उघडतं.

हिराजी हसला. आमच्यात पन तसाच.

त्याच्या बापाच्या जाळ्यात बोंबलांबरोबर दगड आला.
बापाने शिवी हासडून फेकला.
पुढच्या उधाणाला पुन्हा तोच,
कडेला तोच टवका उडालेला.
या वेळी जरा लांब फेकला, शिवी न देता.
तिसऱ्या खेपेला बाप गप्प झाला.
दगड टोपलीत ठेवला, वर ओला पंचा,
घरी येऊन बायकोला म्हणाला,
हिला नाव दे.
तिने उलटसुलट करून पाहिलं.
नाक नाही, तोंड नाही.
वळून वळून येते, म्हणाली, वळाई.
शेंदूर त्याच दिवशी. चांदीचे डोळे
पुढच्या हंगामात, पापलेट बरं लागलं तेव्हा.

गुरूच्या पुढे-मागे दगडांच्या दोन छावण्या आहेत,
एक ग्रीकांची, एक ट्रॉयवाल्यांची.
नियम ठरायच्या आधीच दोघांचं बारसं उरकलेलं,
म्हणून हेक्टर ग्रीकांत अडकला
आणि पॅट्रोक्लस ट्रॉयमध्ये.
मुलांना हे फार आवडायचं.
चुकीच्या तुकडीत बसवलेलं
प्रत्येक वर्गात कोणी तरी असतंच.

रस्त्याचं काम निघालं.
वळाईच्या घुमटीवर कोणी निळ्या रंगात लिहून गेलं :
सी-४१, तात्पुरते.
महिन्याभराने तिला शनीच्या देवळात कोपरा मिळाला,
तेलाच्या डब्यांशेजारी.
तिथे सुकट चालत नाही.
हिराजी एवढंच म्हणाला,
आमची बाय ट्रॉयमध्ये हाय.

माझ्या शेवटच्या खेळाला सांताक्रूझची शाळा होती.
सिरीस झाली, पॅलास झाली, जुनो, व्हेस्टा.
कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला होता.
आणि वळाई, म्हटलं, वरळीची,
तीनदा सापडलेली.
वर क्षणभर काहीच हललं नाही.
मग हिराजीचा लाल बाण
पट्ट्यातून सावकाश सरकत गेला,
एका ठिपक्यापाशी थांबला.
त्याला नाव होतं की नुसता क्रमांक,
मी अजून शोधलेलं नाही.

तिसऱ्या रांगेतून एक पोरगी :
बाई, तिला नैवेद्य काय?

मला सुचेना.
मागून, यंत्राच्या घरघरीतून,
सुकट.