कॅरमच्या खोलीतलं कपाट

चोवीस वर्षं डेपोत ब्रेक बसवले.
लोखंडाशी बोलायची सवय.
लोखंड ऐकतं, घण घातला की वाकतं.
लाकूड तसं नसतं, हे साठीनंतर कळलं.

जिंतूरच्या जुन्या जकात नाक्याचं दार
भंगारवाल्याकडं पालथं पडलं होतं.
वर निळ्या रंगाचे चार थर, कोपऱ्यात पत्र्याचा नंबर.
नखानं खरवडलं, तर आत सागवान.
साडेनऊशेला घेतलं. बायको म्हणली,
“दार आणलंत. आता घर कुठंय?”

घर नव्हतं, खोली होती,
सरकीच्या दुकानावरची. दोन बोर्ड, बुद्धिबळाचं एक टेबल,
सोंगट्या बिस्किटाच्या डब्यात, पावडर खिडकीत.
पत्ते कुणाच्या तरी खिशातून घरी जायचे
आणि चौकटचा गुलाम एकदा गेला तो आलाच नाही.
सहा वर्षं त्याच्या जागी आम्ही
मेडिकलवाल्या कोंडिबाचं व्हिजिटिंग कार्ड खेळतोय.

गयास मिस्त्रीनं रंधा दिला, उसना,
आणि एकच वाक्य : “पहले रग देखो, फिर चलाओ.”
मी उलटाच चालवला. फळी शहारली,
कुत्र्याच्या पाठीवरून हात उलटा फिरावा तशी.
मग वळून चालवला आणि पहिलं सालपट निघालं,
गोल, कानातल्या डुलासारखं,
पलीकडचा उजेड दिसेल इतकं पातळ.
ते शर्टाच्या खिशात ठेवलं. का, ते विचारू नका.

खिळे नको म्हणलो. कुसू आणि खाच.
पहिलं कुसू ढिलं. दुसरं फुटलं.
तिसरं बसलं तेव्हा रात्रीचा दीड,
लाईट गेलेली, मोबाईल दातात धरलेला.
ठक, ठक, ठक,
आणि मग ठुब.
उतारावर गाडी जागेवर थांबली
की जो श्वास सुटतो ना ड्रायव्हरचा, तो.

एका फळीला जुन्या खिळ्यांची अकरा भोकं होती.
कारकुनानं पावत्या टोचल्या असतील,
कापसाच्या, गुळाच्या, एखाद्या म्हशीच्या.
लाखेनं भरली, पण काळीच ठेवली.

चपडा लाख स्पिरिटात भिजवली,
जुन्या धोतराच्या चिंधीत कापूस गुंडाळला.
हात थांबला की डाग पडतो,
म्हणून फोन वाजला तरी थांबलो नाही.
एकोणीस हात दिले.
सतराव्यात एक चिलट चिकटलं.
आहे अजून. डाव्या दारावर, वरून दीड वितीवर.

मग न्यायचा दिवस.
सोंगटीची जाडी मोजली होती, डब्याची उंची मोजली होती,
जिना मोजला नव्हता.

वळणावर अडकलं.
चौघं खाली, दोघं वर,
आणि दामूअण्णा मध्ये, हात न लावता सल्ले देत :
“वरचा वीतभर कापून टाका की.”
माझ्याच पोटातून करवत फिरली.
गयास मिस्त्री पान थुंकून आला.
“खिळा मारला का एखादा?”
“नाही.”
“सरेस?”
“तेबी नाही.”
“मग रडतो कामून?”

तिथंच, पायरीवर, सुटं केलं.
सात महिन्यांचं काम चाळीस मिनिटांत उकललं,
आणि मला वाईट वाटेना, ह्याचंच नवल वाटलं.
एकेक फळी बगलेत धरून माणसं वर गेली,
उशिरा शाळेत निघालेल्या पोरांसारखी.
वर पुन्हा उभं राहिलं,
खाली होतं त्याहून जरा सरळ.

पहिल्याच संध्याकाळी मिस्त्रीची नात अर्शिया
पावडरच्या हातानं दार लोटून गेली.
एकोणीस थरांवर पाच पांढरी बोटं.
मी फडकं उचललं. ठेवलं.
वरच्या खणात पत्ते रचले,
कोंडिबाचं कार्ड मधोमध, जिथं गुलाम असता तिथं.

“मामू, तुमची खेळी,” पोरगी म्हणली.
राणी भोकाच्या तोंडाशी होती.
चुकलो.
उजवी बिजागरी कुरकुरतेय,
उद्या तेल घालायचंय.