रोशाच्या तेलाची नोंद

तळोद्याच्या खाटकाकडून सकाळी सातला
जठरं येतात, बर्फाच्या डब्यात.
जावेदभाई पैसे घेत नाहीत.
"शिकायचं काम आहे," म्हणतात
आणि चाकू पुसतात.

शेळीच्या चौथ्या जठरात त्या असतात,
नाडाछडीचा तुकडा पाण्यात सुटावा तशा,
लाल आणि पांढरा पीळ घातलेल्या.
मी माद्या निवडते, चिरडते, अंडी गाळते.
शंभर अंडी एका खड्ड्यात,
शहाण्णव खड्डे एका थाळीत.
वरच्या ओळींत रोशाचं तेल,
मग जिरॅनिऑल, पुण्याहून कुरिअरने आलेलं,
शुद्ध, कुठल्याच डोंगराचं नसलेलं.
शेवटच्या ओळीत नुसतं पाणी.

तेल गेमजी पाडवींचं.
कोठारच्या रस्त्याला त्यांची भट्टी:
तांब्याचा हंडा, मातीने लिंपलेलं झाकण,
नाल्याच्या पाण्यातून फिरवलेली नळी.
तापमान किती ठेवता, विचारलं.
"झाकणावर थुंकी चुरचुरली
की एक लाकूड ओढून घ्यायचं."
मी लिहिलं: तापमान, नोंद उपलब्ध नाही.
काय लिहिलं ते त्यांनी वाचायला लावलं.
बराच वेळ हसत होते.

अठ्ठेचाळीस तासांनी
पाण्याच्या खड्ड्यांत वळवळ, नुसती वळवळ.
तेलाच्या खड्ड्यांत अंडी तशीच,
आत घडी घालून ठेवलेला जीव,
कवच न फुटलेलं.
शंभरात अठ्ठ्याण्णव.
सुरवाडे सरांनी स्वतः दोनदा मोजलं
आणि शिपायाला जिलबी आणायला पाठवलं.

रात्री पारोळ्याहून मायचा फोन.
तिला माझं काम एकाच प्रश्नाएवढं माहीत:
"मरनात का त्या?"
"मरनात, माय."
"मंग बकरीस्ले दे ना."
ते वाक्य समितीकडून मंजूर व्हायला
सात महिने लागले.

ठगीबाई वळवीच्या बारा शेळ्या.
सहांना शेंगदाण्याच्या तेलात रोशा,
सहांना नुसतं शेंगदाण्याचं तेल.
कोणाला काय दिलं
हे मोजणाऱ्याला कळू नये अशी रीत,
म्हणजे मला.
पण शेळ्या ढेकर देत,
गोठाभर गुलाब दरवळे
आणि सगळं गुपित उघडं पडे.
मी नाकाला रुमाल बांधून लेंड्या गोळा केल्या.
कानात नंबर होते, सात, आठ, नऊ.
ठगीबाई म्हणे, "नऊ नाही, खोडी."

चौदाव्या दिवशी
मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगून आली,
इकडेही, तिकडेही,
जवळजवळ सारखीच.
चार पोटांच्या त्या अंधारात
माझे मोजूनमापून दिलेले थेंब
कोणत्या वळणावर विरले, कोण सांगणार.
तक्त्यात लिहिलं: लक्षणीय फरक नाही.

ठगीबाईला सांगायला गेले.
ती खोडीच्या पायातला काटा काढत होती.
"रोशा तोंडाला लावत नाहीत त्या.
डोंगरावर त्याच्या कडेकडेने चरतात."
आधी का नाही बोललीस?
"तू कुठे विचारलंस?
तू त्यांचं वजन विचारलंस."

सर म्हणतात, छापू.
नाही म्हणणारा आकडासुद्धा आकडाच.
मग खुर्ची ओढतात आणि स्टार्चच्या गोळीचं चित्र काढतात,
जी तीन पोटं गप्प राहील
आणि चौथ्यात बोलेल.
चित्रातली शेळी कुत्र्यासारखी दिसते.

मायला खरं ते सांगितलं:
"थाळीम्हा मरनात. पोटम्हा नही."
ती जरा थांबली.
मग विचारलं, जेवलीस का.

वहीला वास लागलाय.
"फरक नाही" लिहिलेल्या पानाला तर जास्तच,
तिथे एकदा बाटली कलंडली होती.
परवा गेमजींचा निरोप आला,
वरच्या अंगाचं गवत तांबडं पडायला लागलंय,
या वेळी कापायलाच ये,
आणि तो तापमानाचा काटा आण,
बघू तरी
आपली थुंकी किती डिग्रीची.