स्थिर आकार

मार्चअखेरची तोडणीची यादी घेऊन
विडी घरकुलात शिरलो तेव्हा अकराच वाजले होते
आणि मोटारसायकलची टाकी मांडीला भाजत होती.
एकशे सात नावं. पक्कड, टेस्टर,
आणि मागं गौस,
जो शिडी धरतो आणि बोलत नाही.

बेचाळिसावं नाव : येमूल मलय्या राजाराम.
थकबाकी दोन हजार तीनशे साठ.
दारात बालामणी, मांडीवर सूप.
"मलय्या कुठंयत?"
"फोटोत."
हात थांबला नाही तिचा.
पान, तंबाखू, वळण, दोरा.
पान, तंबाखू, वळण, दोरा.
"सासरे आमचे. अकरा वर्षं झाली जाऊन.
कागद अजून त्यांनाच येतोय.
आम्हाला कोण विचारतंय."

मग म्हणाली, आलायस तर वाचून तरी दाखव.
मी उंबऱ्यावर बसून पोथीसारखं वाचलं :
स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार,
इंधन समायोजन आकार, शुल्क, व्याज.
"एवढे आकार? देव बरा, निराकार आहे.
वहन म्हणजे काय रे?"
"तारेवरनं वीज वाहून आणायची, त्याचे."
"चार दिवसाआड नळ येतो,
बावीस घागरी वाहते मी.
त्याचा आकार कुणाच्या कागदावर लावू?
आणि स्थिर म्हणजे?"
"काही जाळलं नाही तरी द्यायचे. नुसतं असल्याचे."
तिनं आपल्या मुडपलेल्या पायांकडं बघितलं.
सकाळी सहाला बसते,
हजार भरल्याशिवाय उठत नाही.
गुडघ्यांनी आता हाच आकार धरलाय.

मी म्हणालो, मावशी, मदत आहे ना.
कमी युनिटवाल्यांना सवलत आहे, हप्ते करून मिळतात,
फॉर्म आहे.
ती हसली. फॉर्म सुपाखालीच होता,
तंबाखूनं पिवळा झालेला.
कार्डावर बालामणी, मीटरवर मलय्या.
नाव बदलायला दाखला पाहिजे,
आणि म्हातारा वारला सिरिसिल्ल्याला, लेकीकडं,
दाखला तेलुगूत.
"हापिसात म्हणाले, मराठीत आणा.
मेलेलं माणूस मराठीत कसं आणू, सांग."

आत पोरगा झोपला होता,
रात्रभर टॉवेलच्या लूमवर उभा राहून आलेला,
तोंड उघडं.
टेबलफॅन मान फिरवून फिरवून
त्याच्याकडं बघत होता.

गौसनं शिडी खांबाला लावली.
तो आवाज गल्लीला पाठ आहे.
समोरच्या दारातनं राजव्वा उठली,
पंचवीस विड्यांचा एक कट्टा आणून
बालामणीच्या सुपात ठेवला. बोलली काही नाही.
मग चिप्पांची सून. मग ती पोटुशी पोरगी, जिचं नाव मला माहीत नाही.
आज तुझ्या हजारात घाल, उद्या माझ्या.
पंधरा कट्टे झाले.
मी मनात हिशेब केला : तीनशे पंचाहत्तर विड्या,
छाट निघाली नाही तर
ऐंशीएक रुपये.

कंपनी विड्या घेत नाही.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : घर बंद.
दार सताड उघडं होतं,
दारात सोळा बायका होत्या,
आणि माझं अक्षर चांगलं आहे, लोक म्हणतात.
"पंधरा दिवस," मी म्हणालो. "दाखल्याचं बघा."
तिनं एक विडी पुढं केली.
मी ओढत नाही.
घेतली, कानावर ठेवली.

पुढची पासष्ट होती.
संध्याकाळपर्यंत त्यातली एक्केचाळीस तोडली.
एका घरात म्हातारीनं मला पाणी दिलं, तोडल्यावर.
घर बंद जास्त झाली की साहेब स्वतः बघायला येतात,
मलाही पगार आहे, करारावरचा,
हे सगळं मी जिना चढताना पाठ म्हणत असतो.

त्र्याण्णवाव्या दारापाशी
गौसनं शिडी उतरवली नाही.
खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला.
मी यादीत नाव वाचलं,
मग त्याच्याकडं बघितलं,
मग आतनं कुणीतरी लहान
"अब्बा आये" म्हणत पळत आलं.