तबेल्याच्या दारावरची चिठ्ठी

हाल्वर,
मी अकुरेरीला जातेय, गुडघा बदलायला.
तीन आठवडे म्हणतात. डॉक्टरांचे तीन, म्हणजे तू चार धर.
किल्ली मिठाच्या पिंपामागे.

आधी चारा. खुराक नंतर, तोही ओंजळभर.
घोड्याचं पोट म्हणजे मंद आचेची चूल,
थोडं थोडं घालत राहावं लागतं,
एकदम कोंबलंस की धुमसते,
आणि मग रात्रभर तू, मी आणि कंदील.

काटा आड्याला टांगलाय. मासळीचा आहे,
रिकामा असतानाही अर्धा किलो दाखवतो,
तेवढा वजा कर.
स्क्योनाला सकाळी चार, दुपारी दोन,
तू झोपायला जाशील तेव्हा तीन.
इथली रात्र एकोणीस तासांची,
ती तिला चघळायला पुरली पाहिजे.

पांढऱ्या प्लास्टिकचा गठ्ठा फोडलास की आठवड्यात संपव.
मूठभर घेऊन नाकाला लाव.
आंबूस वास आला तर चालेल,
तळघराचा आला तर नाही.
डोमकावळ्याने चोच मारलेला गठ्ठा
अख्खा बाजूला काढ, हळहळू नकोस.

ग्लामुर तुला फसवणार.
बादलीला लाथा घालेल, मान तुझ्या खांद्यावर टाकेल,
ईस्टरपासून अन्नाचा कण पाहिला नसल्यासारखा.
त्याच्या बरगड्यांवरून हात फिरव:
बोटांना लागली पाहिजे, डोळ्यांना दिसता कामा नये.
मला तर गेल्या महिन्यात बोटांनाही सापडली नाही.
त्याला जव नाही. एक दाणाही नाही.

मोसाला सत्ताविसावं चालू आहे.
दाढा उरल्या नाहीत, गवताचे बोळे करते
आणि शरमल्यासारखी खाली टाकते.
तिचा बीटचा चोथा दुपारीच भिजत घाल,
देताना त्यात कोमट पाणी ओत,
आणि इतरांपासून लांब उभी कर तिला.
ती सावकाश खाते. तू घड्याळ बघू नकोस.

पाण्यावरचं बर्फ दिवसातून तीनदा फोड.
नाताळला एकेक खारवलेला हेरिंग,
आमच्याकडची जुनी रीत आहे.
एकच.

थोरग्रीमुरचं तुला कधी सांगितलं नाही.
ब्रुन्काला शिंगरू झालं त्या रात्री
आनंदाच्या भरात त्याने पिंपाचं झाकण उघडंच ठेवलं,
म्हणाला, आज तिचा दिवस आहे, खाऊ दे पोटभर.
पहाटेपर्यंत तो तिला अंगणात फिरवत होता,
ती पुनःपुन्हा पोटाकडे वळून बघत होती,
जणू तिथे कोणी हाक मारतंय.
ते शिंगरू मी बाटलीवर वाढवलं, दर दोन तासांनी.
तीच स्क्योना.
चार दिवसांनी तो बंदरावर गेला
आणि हा काटा घेऊन आला. काही बोलला नाही.
शेवटच्या हिवाळ्यात त्यालाही जेवण जाईना,
तेव्हा मी सुपाचे चमचे मोजत असे,
आणि तो माझ्याकडे बघून म्हणायचा,
स्टाइनव्हर, अर्धा किलो वजा कर.

चारा संपला तर ग्योना खालच्या शेतावरून देईल,
पण तिचं गवत आपल्यापेक्षा गोड आहे.
दहा दिवस घे.
जुन्यात थोडं नवं, मग थोडं जास्त.
पोटाला नवी ओळख हळूच करून द्यावी लागते.

फार माया दाटून आली तर खरारा कर.
कानामागे, मानेखाली, जिथे ते ओठ लांबवतात तिथे.
त्याला माप नाही.

मांजराला मात्र काही देऊ नकोस.
ते उपाशी नाही, ते खोटारडं आहे.