पाणी महाग पडतं

अकरा मिनिटांचा भाग.
त्यात एक साळिंदर, काट्यांवर पत्रं खोचून,
टेकडीवरच्या गावात टपाल वाटत हिंडतं.
मालिका एवढीच. बाकीचं आम्ही आणायचं,
बाहेरचे लेखक,
भागामागे पैसे, चहा ज्याचा त्याचा.

फर्गसच्या सूचना पहिल्याच पानावर:
नवं पात्र नको. गर्दी नको.
मोकळे केस, आरसे, वारा नको.
आणि पाणी तर नकोच,
पाणी महाग पडतं.
एक लाट हलवायला एक माणूस आठवडाभर बसतो म्हणे.
म्हणून त्या गावाला नदी नाही,
तिथे कुणी रडत नाही,
साळिंदर चहा पितं तेही रिकाम्या कपातून.

ब्रिस्टलमध्ये, बेडमिन्स्टरला, लॉन्ड्रीवरच्या खोलीत
डिलिस आणि मी सात वर्षं कल्पना पाखडत बसलो.
खाली यंत्रं फिरायला लागली की टेबल थरथरायचं.
दहा पाठवायच्या, प्रत्येकी चार ओळी.
आठ परत. नववी आधीच कुणीतरी लिहिलेली.
उरलेल्या एकीचे आम्ही जावयासारखे लाड करायचो.
माझे विनोद इंग्रजीत उतरताना लंगडायचे,
ती एक शब्द इकडचा तिकडे करायची
आणि ते चालायला लागायचे, मला न विचारता.

फेब्रुवारीत डिलिस गेली.
मार्चमध्ये पुढच्या हंगामाचं बोलावणं आलं,
वर अजून आमची दोघींची नावं.

मी एकच कल्पना पाठवली.
गोगलगायीचं पत्र आलंय. साळिंदर दार वाजवतं.
पत्ता बरोबर, दार बरोबर,
आत कुणी नाही.

पडद्यावर सहा चौकोन, एकात नुसतं कपाळ.
फर्गसनं विचारलं, गेली कुठे?
आमच्यात 'गेली' म्हटल्यावर 'कुठे' विचारत नाहीत.
हे इंग्रजीत कसं सांगायचं, ते सांगणारी नव्हती.
कुठे नाही, म्हटलं. नाहीये, बस.
मग वाहिनीची इमोजेन फार मायेनं म्हणाली,
पाच वर्षांची मुलं बघतात गं.
समुद्रकिनारी राहायला गेली, असं करूया?
करूया, मी म्हटलं.
फर्गस म्हणाला, पण समुद्र दाखवायचा नाही हं.

तीन मसुदे फसले.
एका रविवारी बस पकडून वेस्टनला गेले, डिलिसच्या गावी.
ओहोटी होती.
मैलभर चिखल, तपकिरी, ओला,
कडेला गाढवं, पाठीवर पोरं घेऊन कंटाळलेली.
समुद्राचा पत्ता नाही.
ती सांगायची, लहानपणी विचारलं की तिचा बाप म्हणे,
समुद्र कामावर गेलाय, संध्याकाळी येईल.

आणि मी, मेली, बाकावर बसून हिशेब करायला लागले:
पार्श्वभूमी एक. रंग एक. लाटा शून्य.
नंतर लाज वाटली. नंतर चिप्स खाल्ले.
नंतर पाकिटाच्या पाठीवर लिहिलं:

साळिंदर चिखलाच्या कडेला येतं.
चिखलावर एक चकाकती रेघ, दूरवर जाऊन संपलेली.
गोगलगायीची.
साळिंदर पत्र रेघेवर ठेवतं, उडू नये म्हणून वर दगड.
मग कुणालाच नाही असं म्हणतं,
समुद्र कामावर गेलाय.

दगड त्यांनी काढला. रेघ जाड केली.
मधली चार मिनिटं दुसऱ्या कुणीतरी नव्यानं लिहिली,
त्यात आता केक आहे.
ते वाक्य मात्र राहिलं, आणि समासात फर्गसचा शेरा:
छान. स्वस्तही.

बिल नेहमीच्याच नमुन्यावर पाठवलं, दोन नावांचं.
पैसे पूर्ण आले.
अर्धे कुठे पाठवायचे
ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.
खाली ड्रायर सुरू झालाय.
टेबल थरथरतंय, तिच्या बाजूनं जरा जास्तच,
तिथे आता कोपराचं वजन नाही.